ई-माउंटन बाइकला क्रँक किती लांब हवा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी बऱ्याच जणांनी एकाच गोष्टीवर विचारलंय, क्रँकची, म्हणजे ज्या दांड्याच्या टोकाला पॅडल बसतं त्याची, लांबी आणि आपली उंची. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, हा विषय नीट होऊ दे.

प्रश्न: दादा, माझी उंची ५ फूट १ इंच. चवथीच्या आधी ई-माउंटन बाइक घेतली, साइझ स्मॉल. मये, साखळी, वाळपई या बाजूला फिरते. चढावर मोटर असूनही गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं आणि मागून येणारी मैत्रीण सांगते की सीटवर माझी कंबर डावी-उजवी हलते. सीट खाली केली तर गुडघा जास्त दुखतो, वर केली तर कंबर हलते. दुकानात म्हणाले साइझ बरोबर आहे, सवय होईल. क्रँकवर १७० लिहिलंय. घरचे म्हणतात मोटर आहे ना, मग क्रँकने काय फरक पडतो. – एक वाचक, डिचोली

उत्तर: ताई, सवय होणार नाही आणि तुम्ही ती करून घ्यायचीही नाही. सीट खाली केली तर गुडघा, वर केली तर कंबर, हे तुम्ही जे लिहिलंय तीच मोठ्या क्रँकची पक्की खूण आहे. सीटची एक तरी उंची अशी मिळायला हवी जिथे दोन्ही बरं वाटतं, तुम्हाला ती मिळतच नाही कारण ती त्या बाइकवर नाहीच आहे.

बघा, पॅडल एकदम खाली असतं आणि एकदम वर असतं, या दोन जागांमधलं अंतर क्रँकच्या दुप्पट. तुमच्या क्रँकवरचं १७० म्हणजे १७० मिमी, त्याचं हे अंतर ३४० मिमी. आता ६ फुटी माणसाचा पायही तेवढाच वर जातो आणि तुमचाही तेवढाच, पण त्याची मांडी नि नडगी लांब असल्यामुळे त्याचा गुडघा थोडाच दुमडतो आणि तुमचा पार छातीकडे येतो. एखाद्या घराचा जिना खूप उंच पायऱ्यांचा बांधलेला असला की घरातल्या बुटक्या माणसाचेच गुडघे आधी बोलायला लागतात, तसंच हे. आणि गुडघा पूर्ण दुमडलेला असताना, पॅडल वर असतानाच तुम्ही चढावर जोर द्यायला सुरुवात करता, त्यामुळे वाटीवर दाब येतो. हा दाब मोटर कमी करते, दुमडणं नाही कमी करत. घरच्यांना एवढं सांगा, की मोटर जोर देते पण तुमचा पाय त्याच वर्तुळात फिरतो.

दुकानात उंचीवरून टेबल दाखवतात, अमुक फुटाला अमुक क्रँक. मला ते टेबल पटत नाही, कारण सारख्या उंचीच्या दोन माणसांच्या पायात सहज ४-५ सेंटीमीटरचा फरक असतो, एकाचं धड लांब तर दुसऱ्याचे पाय लांब. म्हणून इनसीम मोजा, म्हणजे पायाची आतल्या बाजूची उंची. अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, पायांत वीतभर अंतर, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये धरून सीटवर बसल्यासारखं चांगलं वर दाबायचं, पुस्तकाची कड भिंतीला टेकलेली हवी, आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत कोणालातरी मोजायला सांगायचं. स्वतः वाकून मोजलंत तर चुकेल. तुमच्या उंचीला ते साधारण ७० ते ७३ सेमी येईल असा माझा अंदाज, तुम्ही मोजून बघाच.

आता हिशोब. जुना एक नियम आहे इनसीम गुणिले ०.२१६, तो ७१० मिमीला १५३ देतो. आणि २००१ साली मार्टिन आणि स्पिरडुसो या संशोधकांनी १२० पासून २२० मिमीपर्यंतच्या क्रँकवर ट्रेनिंग घेतलेल्या सायकलस्वारांना पूर्ण ताकदीने पॅडल मारायला लावून बघितलं, त्यात सगळ्यात जास्त पॉवर पायाच्या लांबीच्या २० टक्के क्रँकवर मिळते असं आलं, तो आकडा इनसीमवर लावला तर तुमचे १४२ येतात. म्हणजे दोन्ही नियम एकमेकांशी जुळत नाहीत, पण दोघांपैकी एकही तुम्हाला १७० च्या जवळपास नेत नाही हे महत्त्वाचं. मी तुम्हाला १५५ सांगेन, १५० मिळाला तर तोही चालेल, आणि दोन्ही नाही मिळाले तर १६० तरी लावा, १७० वरून १६० ला आलात तरी पहिल्याच चढावर कळेल.

त्याच अभ्यासातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. एवढा १२० ते २२० चा फरक, आणि तरी सर्वात चांगल्या आणि सर्वात वाईट क्रँकच्या पॉवरमध्ये फरक पडला तो जेमतेम ४ टक्के. १४५ आणि १७० मध्ये तर सांगण्यासारखा फरकच नव्हता. म्हणजे छोटा क्रँक लावला की ताकद जाते ही भीती कोणीही मनातून काढून टाकावी, माणसाचं शरीर त्याला जुळवून घेतं. पण गुडघा किती दुमडावा हे शरीर जुळवून घेत नाही, ते हाडांच्या लांबीवर आहे.

हां, एक खरं की तेवढ्याच जोरात पॅडल दाबलं तर १५५ वर १७० पेक्षा साधारण ९ टक्के टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कमी मिळतो, तरफ छोटी झाली ना. त्याला उपाय गिअर. १०-५१ ची बारा गिअरची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) असेल तर ४५ दातांवरून ५१ वर गेलात की गिअर १२ टक्के हलका होतो, म्हणजे एक गिअर खाली टाकला की ती कसर भरून निघाली आणि वर थोडं उरलंच. आणि पाय जरा भरभर फिरवायचे. १७० वर मिनिटाला ७५ फेऱ्या मारताना तुमचं पाऊल ज्या वेगाने हलतं त्याच वेगाने १५५ वर ८२ फेऱ्या होतात, म्हणजे पायाला जास्तीची धावपळ वाटत नाही, फेऱ्या तेवढ्या वाढतात. आणि इथेच मोटर तुमच्या बाजूची होते. क्रँकमध्ये बसवलेल्या या मोटरींना, बॉश असो शिमानो असो, हळू हळू जड पॅडल मारलेलं आवडत नाही, ७५ ते ९० च्या आसपास फेऱ्या असल्या की त्या मोकळ्या चालतात, बॅटरीही वाया जात नाही. जड गिअरवर मिनिटाला ५० फेऱ्या मारत चोर्ला घाट चढणारे लोक बघतो तेव्हा वाईट वाटतं, गुडघेही जातात आणि मोटरही तापते.

क्रँक बदलल्यावर एक काम विसरायचं नाही, सीट तेवढीच वर घ्यायची. १७० चा १५५ केलात तर पॅडल खालच्या टोकाला १५ मिमी वर आलं, म्हणून सीट १५ मिमी वर. आता वरच्या टोकाला काय झालं बघा, पॅडल १५ ने खाली आलं आणि तुम्ही १५ ने वर गेलात, गुडघ्याला ३० मिमी जागा मिळाली. तीन सेंटीमीटर! कंबर हलायची थांबते ती यामुळे. वर आणखी एक फायदा, सीट वर आल्यामुळे फ्रेमच्या बाहेर सीटपोस्ट जास्त दिसते, म्हणजे बुटक्या माणसांना जो लांब ड्रॉपर (चालवताना खाली-वर करता येणारी सीटपोस्ट) बसत नाही तो कदाचित बसेल, उतारावर सीट आणखी खाली जाईल. छोट्या फ्रेमवर उतरताना सीट पोटाला लागते ही तक्रार बायका मला नेहमी सांगतात, तिच्यावरही हा इलाज आहे.

मला मनापासून वाटतं की स्मॉल आणि एक्स्ट्रा स्मॉल फ्रेमवर १७० चा क्रँक लावून विकणं बंद व्हायला हवं. हल्ली बऱ्याच ई-बाइकवर १६५ किंवा १६० येतो, बदल होतोय, पण घेताना विचारा, आणि दुकानात बदलून देत असतील तर नवीन बाइक घेतानाच बदलून मागा.

प्रश्न: माझी उंची ६ फूट १ इंच, इनसीम ८६ सेमी. नवीन ई-माउंटन बाइकवर १६५ चा क्रँक आलाय. माझ्या जुन्या साध्या माउंटन बाइकवर १७५ होता. नियमाने मला १७५ च्या वर हवा. बदलून घेऊ का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर: नको. ०.२१६ चा नियम लावला तर तुमचे जवळजवळ १८६ येतात आणि २० टक्क्यांचा लावला तर १७२, बघा किती फरक. पण मी नको म्हणतोय ते नियमामुळे नाही, आपल्या इथल्या जमिनीमुळे.

गोव्यात तुम्ही बाइक चालवणार कुठे, सड्यावर, कुळागरांच्या कडेच्या पाणंदीत, जुन्या खाणीच्या रस्त्यांवर. जांभा दगड पावसाने असा खाल्लेला असतो की मध्येच वीतभर उंच पायरी, मध्येच खड्डा, आणि झाडांची मुळं आडवी. साध्या बाइकवर अशा चढावर आपण उतरून ढकलतो किंवा पॅडल थांबवून तोल सांभाळतो. ई-बाइकवर बसूनच पॅडल मारत वर जातो, कारण मोटर नेते. म्हणजे जिथे आधी पॅडल फिरतच नव्हतं तिथे आता ते सतत फिरतंय, आणि पॅडल दगडावर आपटण्याची वेळ कितीतरी जास्त येते.

आकडे लावून बघू. समजा क्रँकचा एक्सल जमिनीपासून ३४५ मिमीवर आहे. सस्पेन्शन १५० मिमीपर्यंत दबणारी बाइक, तुम्ही बसलात की मागचं सस्पेन्शन ३० टक्के आणि पुढचं २० टक्के दबलं, तर एक्सल ३५-४० मिमी खाली येतो. राहिले ३०५ च्या आसपास. त्यातून १७५ गेले तर १३०, पॅडलची जाडी धरली की १२० च्या घरात. खड्ड्यात सस्पेन्शन आणखी दबतं, वळणावर बाइक कलते तेव्हा पॅडलची बाहेरची कड आणखी खाली जाते. आता सड्यावरचा दगड १२ सेंटीमीटरचा नाही असं सांगू शकाल का? १६५ वर तुम्हाला १० मिमी जास्त मिळतात. ऐकायला कमी वाटतं, पण पॅडल दगडाला घासून जाणं आणि दगडात अडकून तुम्हाला हँडलवरून पुढे फेकणं यात तेवढाच फरक असतो. त्यात ई-बाइकला पॅडल अडकलं तरी एक क्षण मोटर ढकलतच असते, धक्का मोठा बसतो. पॅडलचा एक्सल वाकतो, क्रँकच्या टोकाचे आटे जातात, कार्बन क्रँक असेल तर चीर जाते.

तुमचं नुकसान काय होणार? खरं सांगायचं तर फार काही नाही. सुरुवातीला काही दिवस पाय फुकट फिरताहेत असं वाटेल, ते जातं. उभं राहून उतरताना दोन पायांतलं पुढे-मागे अंतर १७५ वर ३५० मिमी होतं ते ३३० होईल, काहींना सुरुवातीला थोडं अस्थिर वाटतं, टाचा खाली दाबल्या की बरं होतं. सीट १० मिमी वर घ्या, फक्त सीटपोस्टवरची किमान आत जाण्याची खूण बाहेर आली नाही ना ते बघा, उंच माणसांचा ड्रॉपर आधीच बराच वर असतो. फारच चुकल्यासारखं वाटलं तर १७०, त्याच्या वर नाही.

आणि रोड बाइकवाल्यांचंही आता बदललंय. टूर द फ्रान्स जिंकणारा तादेय पोगाचार २०२४ साली १६५ वर चालवत होता, त्याची उंची १७६ सेमी आहे आणि त्या उंचीला आपल्याकडे डोळे मिटून १७२.५ लावतात. त्याच्या पायात काय आहे ते आपल्या पायात नाही, पण छोट्या क्रँकने माणूस हळू होतो असं म्हणणाऱ्याला दाखवायला हे उदाहरण बरं आहे.

जाता जाता, म्हादई किंवा भगवान महावीर अभयारण्याच्या हद्दीतल्या वाटेवर जाणार असाल तर वन खात्याला विचारल्याशिवाय जाऊ नका. मोटर आवाज करत नाही म्हणून चालेल असं समजू नये.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको एकच ई-माउंटन बाइक वापरतो, मी ५ फूट ९, ती ५ फूट २. क्रँक कोणाच्या मापाचा घ्यायचा? – एक वाचक, पेडणे

उत्तर: बायकोच्या. १६० किंवा १५५. तुम्हाला छोट्या क्रँकने काही होणार नाही, तिला मोठ्या क्रँकने होईल. सीटपोस्टवर दोघांच्या उंचीची टेप लावून खूण करा, म्हणजे प्रत्येक वेळी अंदाजाने बसायला नको. दोघांना फ्रेम कुठली बसते हा खरा कठीण प्रश्न आहे, तो वेगळा लिहून पाठवा, उंची आणि इनसीम दोन्ही द्या.

प्रश्न: वय ६४, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी सायकल चालवायला परवानगी दिली पण गुडघा पूर्ण दुमडत नाही. ई-बाइक घेतोय. छोट्या क्रँकचा उपयोग होईल का? – एक वाचक, काणकोण

उत्तर: होईल, आणि तुमच्यासाठी तर उंचीचा हिशोब बाजूला ठेवा, गुडघा किती दुमडतो तो हिशोब करा. फिजिओथेरपीमध्ये ऑपरेशननंतर सायकल देताना मुद्दाम छोटा क्रँक वापरतात, कारण वरच्या टोकाला गुडघा कमी दुमडला तरी फेरी पूर्ण होते. तुमच्या फिजिओना विचारा की आत्ता गुडघा किती अंशांपर्यंत आरामात जातो, आणि घरी ट्रेनरवर (बाइक जागेवरच चालवायचं उपकरण) किंवा स्टँडवर बाइक उभी करून, मोटर बंद ठेवून हळू फेरी मारून बघा. वरच्या टोकाला कंबर उचलावी लागत असेल तर क्रँक अजून मोठा आहे. १५० पासून सुरुवात केलीत तर मला चूक वाटणार नाही, तुमची उंची काहीही असो. सुरुवातीला सपाट रस्ते बघा, तळपण, आगोंद ठीक, नेत्रावळीचे चढ नंतर. मोटर सगळ्यात जोरात ठेवून हलक्या गिअरवर चालवा, त्यात लाज कसली.

प्रश्न: क्रँक बदलायचा ठरवलाय, १७० चा १६०. आमच्या गावातला सायकलवाला म्हणतो साध्या माउंटन बाइकचा क्रँक बसेल, हातोड्याने ठोकून जुना काढतो. चालेल का? आणि चेनरिंगही (पुढची दातेरी चकती) बदलावी लागेल का? – एक वाचक, फोंडा

उत्तर: हातोडा त्याच्या हातातून काढून घ्या आधी. क्रँकच्या एक्सलच्या पलीकडे लगेच मोटर आहे, तिची बेअरिंग आणि टॉर्क मोजणारा सेन्सर तिथेच असतो, ठोकलेला प्रत्येक घाव तिकडे जातो.

आधी कुठली मोटर आहे ते बघा. बॉश आणि ब्रोजला आयसिस नावाच्या दातेरी एक्सलचा क्रँक लागतो, शिमानोच्या मोटरला शिमानोचा स्वतःचा वेगळा. एकाचा दुसऱ्याला बसत नाही. साध्या बाइकचा आयसिस क्रँक दात्यांना बसला तरी त्याचा बाहेर वाकण्याचा कोन वेगळा असतो, तो फ्रेमला किंवा मोटरच्या कव्हरला घासू शकतो, म्हणून ई-बाइकसाठी बनवलेलेच आर्म, म्हणजे क्रँकचे दांडे, घ्या. लांबी आर्मच्या आतल्या बाजूला पॅडलच्या आट्यांजवळ कोरलेली असते, घेताना दोन्ही आर्मवर बघा, डावा १६० आणि उजवा १६५ असे पुड्यात आलेले लोकांना मिळालेत.

चेनरिंगला हात लावायचा नाही. या मोटरींवर चेनरिंग वेगळ्या स्पायडरवर (चेनरिंग धरणारा भाग) मोटरलाच बसलेली असते, क्रँक आर्म त्याच्या बाहेर. त्यामुळे फक्त दोन आर्म बदलले की झालं, खर्चही मर्यादित राहतो. नंतर चढावर गिअर जड वाटला तर ३४ ऐवजी ३२ ची चेनरिंग घ्या, साधारण ६ टक्के हलकी होते, पण आधी महिनाभर चालवून बघा, बहुतेकांना गरज पडत नाही.

आयसिस काढायला बोल्ट ८ नंबरच्या ॲलन कीने काढून मग रुंद टोकाचा पुलर (आर्म ओढून काढायचं अवजार) लागतो, चौकोनी एक्सलचा जुना पुलर टोकाला बारीक असल्यामुळे एक्सलच्या भोकात शिरतो आणि आटे खराब करतो. शिमानोला आर्मवर दोन पिंच बोल्ट (आर्म एक्सलवर आवळणारे) असतात, ते आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करत १२ ते १४ न्यूटन मीटरवर न्यायचे. बॉशच्या बोल्टला आर्मच्या पुड्यावर जो आकडा दिलाय तोच, अंदाजाने नाही, टॉर्क रेंच (किती घट्ट झालं ते मोजणारा पाना) नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा, पणजी किंवा मडगावला मिळेल. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे तुम्हाला माहीत असेलच, पण घाईत लोक तिथेच आटे घालवतात. आपल्या दमट हवेत पॅडलच्या आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय बसवू नका, एका पावसाळ्यात ते ॲल्युमिनियमला असे चिकटतात की पुढच्या वेळी आर्मच फेकावा लागतो.

मग सीट १० मिमी वर घ्या. पॅडलमध्ये पॉवर मीटर असेल तर त्याच्या ॲपमध्ये क्रँकची लांबी १७० ची १६० करा, नाहीतर तो तुम्हाला ६ टक्के जास्त पॉवर दाखवत राहील. आणि पहिल्या एक-दोन राइडनंतर दोन्ही आर्मचे बोल्ट परत रेंच लावून बघा, नवा आर्म बसताना थोडा सैल होतो, कर्रकर्र आवाज यायला लागला तर तिथून पुढे न चालवता आधी तो घट्ट करा, सैल आर्मवर दहा किलोमीटर चालवलं तरी आतले दाते गोल होऊन जातात.